सिंगापूरच्या घरातला बंब



सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम सव्वा-दीड अंश वर आहे. दिवसा ३१-३२ अंश, रात्री २४-२५, आणि हे असे बारा महिने. पाऊस आला तर काय तो गारवा. तिथे घर गरम करायची भाषा कोणी करत नाही, घर थंड कसे ठेवायचे हीच सगळ्यांना चिंता. तरीसुद्धा अशा गावात, नवीन घरासाठी पाणी तापवायचे कुठले यंत्र घ्यावे यावरून माझ्या भाचीच्या घरी तीन आठवडे चर्चा चालली होती. दिमोनाच्या थंडीत दात वाजवत दिवस काढलेल्या आपल्या मंडळींना याचे हसू येईल. पण त्या चर्चेत माझ्या धाकट्या बहिणीची अंघोळ अडकली होती, म्हणून लिहिते.

बहीण इस्राएलला आली नाही. आम्ही सगळे निघालो तेव्हा तिचे लग्न ठाण्याला ठरले होते, तिथेच तिचा संसार झाला. मेव्हणे गेले, पुढे ती न्हाणीघरात पाय घसरून पडली, खुब्याचे हाड मोडले, आणि मुलीने तिला सिंगापूरला नेले. मी तीन महिने तिच्या सोबतीला गेले होते, नेमके त्याच वेळी भाचीला नव्या घराच्या किल्ल्या मिळाल्या.

तिथल्या घरांची रीत आधी सांगते. सिंगापुरात दहातली जवळजवळ आठ माणसे सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या घरांत राहतात. एचडीबी म्हणतात त्याला, १९६० साली सुरू झाले. अगोदर नाव नोंदवायचे, मग इमारत उभी राहीपर्यंत काही वर्षे थांबायचे, आणि घर मिळते ते ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने. भाचीचे घर तेंगा नावाच्या अगदी नव्या वस्तीत आहे. पूर्वी तिथे रान होते आणि लष्कराच्या कवायती चालत. या वस्तीत गच्चीवर मोठाली यंत्रे बसवून तिथून गार पाणी पाइपांनी घरोघर खेळवतात, त्यावर खोल्या थंड होतात. ज्याला हवे त्याने घ्यावे, नको त्याने आपला एसी लावावा. हा गारव्याचा निर्णय भाची-जावयांनी एका संध्याकाळी करून टाकला होता. गरम पाण्याचा काही होईना.

घर बघायला गेलो तर स्वयंपाकघराशेजारी एक छोटी खोली, जाड काँक्रीटच्या भिंती, लोखंडी दार. मी म्हटले, अगं, हा तर आपला ममाद! खरेच तसे निघाले. १९९७ साली तिथे त्याचा कायदा झाला, नव्या घरांना तशी खोली असतेच. आपल्याकडे १९९१ च्या आखाती युद्धानंतर ममाद आले, म्हणजे फार मागेपुढे नाही. हे सांगायचे कारण असे की त्या खोलीच्या भिंती फोडायला बंदी आहे. त्यामुळे टाकी टांगायला सोयीची वाटत होती ती भिंत बाद झाली. दुसरा नियम न्हाणीघराचा. मंडळाने लावून दिलेल्या फरशा पहिली तीन वर्षे उखडायच्या नाहीत, कारण खालचा पाणी अडवणारा थर फाटला की खालच्या मजल्यावर गळती. म्हणजे गरम पाण्याचा पाइप भिंतीत लपवता येत नाही, भिंतीवरून उघडाच न्यावा लागतो. जावयांना ते पसंत नव्हते. त्यांना सगळे कसे गुळगुळीत हवे.

मुलांनो, तुमच्यापैकी किती जणांनी बंब पाहिला आहे? मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही मुंबईहून रेवदंड्याला आजीकडे जायचो, तिथे मागच्या पडवीत तांब्याचा बंब असे. मधोमध एक नळकांडे, त्यात कोळसे नाहीतर नारळाची सोडणे पेटवायची. भोवतीच्या पोटात पाणी, खाली पितळी तोटी. वरून एक तपेली गार पाणी ओतले की खालून तेवढे गरम यायचे. ते इतके कढत असे की त्यात विसण घातल्याशिवाय अंगावर घेताच येत नसे. विसण म्हणजे गरम पाणी सोसवेल इतके निववायला त्यात घालायचे गार पाणी. विसण घालण्याचे काम आजी कोणा मुलाला करू देत नसे. बादलीत आधी गार, मग वरून गरम, आणि हाताने ढवळून कोपर बुडवून बघायचे. पुढे नर्सिंग शिकताना आमच्या सिस्टरने बाळाच्या अंघोळीचा पहिला धडा दिला तो हाच. मला तो पाठच होता.

इस्राएलला आल्यावर बंब गेला आणि दूद शेमेश आला. १९८० सालच्या कायद्याने नव्या घरांवर उन्हाची टाकी सक्तीची झाली, त्याआधीपासूनच कितीतरी गच्च्यांवर त्या दिसत होत्या. सुरुवातीच्या वर्षांत मात्र घर गरम करायला रॉकेलची शेगडीच होती. घंटा वाजवत नेफ्तवाला यायचा, आठवतो ना? माझ्या वॉर्डात हिवाळ्यात त्या शेगड्यांवरच्या किटल्यांनी भाजलेली मुले यायची. भाजलेल्या मुलाचे ड्रेसिंग ज्याने केले आहे त्याला गरम पाणी ही साधी गोष्ट वाटत नाही.

आता सिंगापूरला काय काय मिळते ते सांगते. उन्हाची टाकी तिथे आपल्यासारखी प्रत्येकाला लावता येत नाही. तशी ऊन भरपूर, पण इमारती उंच, आणि गच्ची तुमच्या एकट्याची नसते. त्या गच्च्यांवर २०१४ पासून सरकार वीज तयार करणारी तावदाने बसवते आहे. पाइपगॅसचा हीटर असतो, तो स्वयंपाकघराच्या मोकळ्या बाजूला, वारा खेळता असेल तिथेच लावायचा. मुंबई-पुण्यात बंद न्हाणीघरात गॅस गिझर लावून माणसे गुदमरून गेल्याच्या बातम्या दर थंडीत येतात. बहिणीने ऐकताच नको म्हटले. तो विषय तिथेच संपला.

राहिले दोन. एक, जागच्या जागी पाणी तापवणारा लहान डबा. त्याला तिथे इन्स्टंट म्हणतात. दुसरा, टाकीचा, म्हणजे आपला साधा गिझर.

दुकानदाराने इन्स्टंटची बाजू घेतली, आणि त्याचे म्हणणे खोटे नव्हते. तो डबा ३३०० वॉटचा असतो. मी माझगावच्या कदूरी शाळेत शिकले, तिथल्या मास्तरांनी उष्णतेचे गणित पक्के करून घेतले होते, ते मी दुकानातच पावतीच्या पाठीवर मांडले. ३३०० वॉट मिनिटाला साधारण पावणेपाच लिटर पाणी १० अंशांनी तापवतात. सिंगापूरच्या नळाचे पाणी माझ्या थर्मामीटरवर २८ भरले होते, म्हणजे ते ३८ होणार. उभ्याने अंघोळ करणाऱ्याला एवढे पुरते. हाच डबा आपल्याकडे जानेवारीत लावा. नळाचे पाणी १२ अंश असले तर ३८ करायला त्याला मिनिटाला दोन लिटरसुद्धा झेपणार नाही, नुसते थेंब थेंब. म्हणून तो तिकडे चालतो आणि इकडे चालत नाही. किंमतही कमी, टाकीवाल्याच्या निम्म्याहून थोडी. विजेचे म्हणाल तर एका अंघोळीला, ३० लिटर पाणी धरले, तर अर्ध्या युनिटहून कमी वीज. तिथे युनिट ३० सेंटच्या आसपास पडते, दर तीन महिन्यांनी दर बदलतो. म्हणजे अंघोळीला दहा-पंधरा सेंट.

जावई म्हणाले, “मावशी, तुमच्याच गणिताने निकाल लागला. घेऊन टाकू दोन.”

भाचीला टाकी हवी होती, पण वेगळ्याच कारणासाठी. डोक्यावर मोठे ताट असते आणि पाऊस पडल्यासारखे पाणी पडते, तसला शॉवर तिला लावायचा होता. त्याला पावणेपाच लिटर पुरत नाहीत. दोघांचा वाद रंगायचा आणि माझी बहीण कोपऱ्यात बसून भाजी निवडायची.

मला बाई ते खटकले. जिच्यासाठी मुख्यतः गरम पाणी लागणार ती काही बोलत नव्हती आणि तिला कोणी विचारतही नव्हते. त्या दोघांना, आणि सहा वर्षांच्या नातीला, २८ अंशांचे पाणी सहज चालते, शेजारचे कितीतरी लोक वर्षभर तसेच नाहतात. बहिणीचे तसे नाही. मोडलेला खुबा, आखडलेले गुडघे, आणि वीस वर्षांचा मधुमेह. सकाळी ऊन पाणी पडल्याशिवाय तिचे सांधे हलत नाहीत. भाचीने मनातल्या मनात ठरवले होते की आईला अंघोळ घालायला घरात राहणारी बाई ठेवायची. तिकडे हेल्पर म्हणतात, पुष्कळ घरांत असते. मायेनेच ठरवले होते. एका रात्री दिवा मालवल्यावर बहीण मला म्हणाली, “ताई, मला सगळे चालेल गं, पण दुसरीच्या हातून अंघोळ नको. तेवढे तरी माझे मला करू दे.”

मी चाळीस वर्षे लोकांना अंघोळी घातल्या आहेत. स्पंज करताना चादरीखाली तोंड फिरवून घेणारी कितीतरी माणसे पाहिली, पुरुषसुद्धा. तिचे म्हणणे मला समजावून सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी मुस्तफातून प्लास्टिकचे एक भक्कम स्टूल, बादली आणि तांब्या आणायला लावला. (सय्यद अलवी रोडवरच्या या दुकानात काय मिळत नाही? मला तिथे कोकमसुद्धा मिळाले.) रिकाम्या न्हाणीघरात स्टुलावर बहिणीला कपड्यांनिशी बसवले आणि सांगितले, आता अंघोळ कर बघू. तिने उजवा हात पुढे केला, तो गुडघ्याच्या थोडा वर पोचला. इन्स्टंटचा डबा उभ्या माणसाच्या छातीशी लागतो, कमीजास्त करायचा खटका त्याच्यावरच. प्रत्येक वेळी तिला उठून उभे राहावे लागणार, ओल्या फरशीवर, साबण लागलेल्या हातांनी. जावई दारात उभे होते. ते काही बोलले नाहीत, खिशातून टेप काढून त्यांनी स्टुलापासून हातापर्यंतचे माप घेतले. त्या दिवसापासून ते माझ्या बाजूला.

आणखी एक होते. ती बादलीने नाहते. शॉवर तिला आवडत नाही, कानात पाणी जाते म्हणते. इन्स्टंटने वीस लिटरची बादली भरायला चार मिनिटांच्या वर लागतात, तोवर ती ओलेत्याने बसणार. टाकीचे गणित वेगळे. ३० लिटरची टाकी ६० अंशांवर तापवली आणि त्यात २८ चे गार मिसळले तर ४० अंशांचे पाणी हिशेबाने ८० लिटर होते. प्रत्यक्षात थोडे कमी धरा. बादली दोन मिनिटांत भरते आणि मागाहून आणखी एक मिळते.

भाची म्हणाली, “पण मावशी, ६० अंश? आईला चटका बसला तर?” ती बरोबर बोलली. ६० अंशांच्या पाण्याने धडधाकट माणसाची कातडी पाचेक सेकंदांत खोलवर भाजते, लहान मुलाची आणि म्हाताऱ्याची त्याआधीच. ४९ अंशांना त्याच इजेला काही मिनिटे लागतात, तेवढ्यात माणूस बाजूला होतो. पण ज्याच्या पायांना मधुमेहामुळे चटकाच कळत नाही तो बाजूला होत नाही. माझ्या पाहण्यात असे पाय आले आहेत. गरम पाण्यात शेकायला ठेवलेले, वर फोड आलेले, आणि रोगी म्हणतो, मला काहीच झाले नाही.

मग टाकीच ४५ वर ठेवावी, असे जावयांनी सुचवले. तेही धोक्याचे. १९७६ साली फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या मेळाव्यात न्यूमोनियाची साथ आली, त्यातून लेजिओनेला नावाचा जंतू सापडला. साचलेल्या कोमट पाण्यात तो वाढतो, आणि शॉवरच्या तुषारांतून छातीत जातो. म्हाताऱ्या माणसांना त्याची बाधा लवकर. ६० अंशांना तो तग धरत नाही. म्हणजे टाकीत पाणी कढत पाहिजे आणि तोटीतून सोसवेल असे. दोन्ही एकदम कसे साधावे?

साधते. टाकीच्या तोंडाशी पितळेचा एक झडपा बसवतात. एका बाजूने गरम, एका बाजूने गार, आतले यंत्र दोन्ही मिसळून ठरवल्याहून जास्त गरम बाहेर सोडतच नाही. गार पाणी अचानक बंद झाले तर गरमही बंद करते. इस्पितळांत आणि वृद्धाश्रमांत ते असतेच. दुकानदाराने इंग्रजीत लांबलचक नाव सांगितले. नात मला विचारू लागली, “आजी, म्हणजे काय?” मी म्हटले, विसण घालणारी आजी. तिला ते लगेच कळले.

इन्स्टंटवर आणखी एक आक्षेप होता, तो जावयांच्या लक्षात आला. स्वयंपाकघरात कोणी नळ सोडला की न्हाणीघरातली धार बारीक होते, आणि तेवढ्याच विजेवर थोडे पाणी जास्त तापते. चांगल्या डब्यांत याची सोय असते, साध्यांत नसते. नळाखालचा माणूस उभा असेल तर मागे सरतो. बसलेला कुठे सरणार?

आता शब्बाथचा प्रश्न. बहीण शब्बाथ पाळते. आपल्या पूर्वजांना कोकणात शनवार तेली म्हणत ते उगीच नाही. इन्स्टंटचा नळ उघडला की त्याच क्षणी वीज सुरू होते, म्हणजे तो तर सरळच बाद. टाकीचे तितके सरळ नाही. कित्येकांना वाटते, शुक्रवारी बटण बंद केले की झाले, शनिवारी साठलेले गरम पाणी घ्या. तसे होत नाही, कारण गरम पाणी काढले की तेवढेच गार पाणी आत येते आणि आतल्या कढत पाण्याने तापते, तेही शिजवण्यातच धरतात. आपल्याकडे दूद शेमेशला राव ओवादिया योसेफ यांनी मोकळीक दिली, ती ते पाणी विस्तवावर नव्हे तर उन्हावर तापते म्हणून, आणि तीही सगळ्या रब्बींनी मान्य केलेली नाही. विजेच्या टाकीला ती लागू नाही. ज्यांना अधिक बारकाईने पाहिजे त्यांनी आपापल्या रब्बींना विचारावे, मी नर्स आहे.

म्हणजे शब्बाथपुरते दोन्ही यंत्रे सारखीच. भाचीला वाईट वाटले, एवढा खर्च करून आई शनिवारी गार पाण्याने तोंड धुणार. बहीण हसली. म्हणाली, “अगं, बंब तरी शनवारी कोण पेटवत होते?” शुक्रवारी थर्मास भरून ठेवायचा, शनिवारी हातपायतोंड त्या पाण्याने, अंघोळ हवदालानंतर. आमच्या आईचीही हीच रीत होती, फक्त थर्मासऐवजी गोधडीत गुंडाळलेले तपेले.

सिंगापूरला या बाबतीत एक सोय आहे जी आपल्याला नाही. आपल्याकडे हिवाळ्यात शुक्रवारी चार वाजत नाहीत तोच दिवे लावायची घाई, उन्हाळ्यात सात वाजले तरी ऊन. तिकडे सूर्य वर्षभर सात वाजण्याच्या दहा मिनिटे आधी ते वीस मिनिटे नंतर, एवढ्यातच मावळतो. त्यामुळे शुक्रवारच्या अंघोळीची वेळ बदलावीच लागत नाही. साडेपाचला ती आत जाते, सहाला बाहेर. वॉटरलू स्ट्रीटवरचे मागेन आबोथ सिनेगॉग, १८७८ सालचे, तेंगापासून फार लांब. शब्बाथला चालत जाण्याजोगे नाही. दिवे घरीच लागतात.

शेवटी ठरले ते असे. बहिणीच्या न्हाणीघराला टाकी, ३० लिटरची, स्वयंपाकघरामागच्या धुण्याच्या जागेत भिंतीवर टांगलेली. झडपा ४२ अंशांवर बांधलेला. तोटी आणि तिचा दांडा जावयांच्या टेपच्या मापाने, खाली, स्टुलावरून हात पोचेल तिथे. दोन्ही बाजूंना धरायला दांड्या. तिकडे एचडीबीची वृद्धांसाठी अशा दांड्या नि न घसरणारी फरशी करून देण्याची योजना २०१२ पासून आहे, पण बहीण तिथली नागरिक नाही, म्हणून वाट न बघता आम्ही आपल्या खर्चाने लावल्या. दुसऱ्या न्हाणीघरात भाची-जावयांसाठी इन्स्टंट. पावसासारखा शॉवर राहून गेला. भाचीने दोन दिवस तोंड फुगवले, मग विसरली.

टाकी बसवायला परवानाधारक प्लंबर लागतो, तारेचे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनने करायचे, आणि टाकीला दाब मोकळा करणारी झडप हवीच. आपल्याकडेही कोणी बसवणार असेल तर या तिसऱ्या गोष्टीची खात्री करून घ्या. पाइप भिंतीवरून उघडाच गेला. जावयांनी त्याला भिंतीचाच रंग देऊन टाकला.

मी निघण्याआधीच्या आठवड्यात बहिणीने तिथे पहिली अंघोळ केली. मी आणि भाची बाहेर पलंगावर बसून होतो, दार नुसते लोटलेले. तांब्याचा आवाज येत होता. मध्ये एकदा आवाज थांबला तशी भाची उठली, मी तिचा हात धरून बसवले. पुन्हा तांब्या बादलीत बुडल्याचे ऐकू आले. वीस मिनिटांनी बहीण स्वतःच्या हाताने पदर सारखा करत बाहेर आली, आणि पाणी थोडे निवत होते अशी तक्रार केली. झडपा एक अंश वर घेतला.

हेल्पर अजून ठेवलेली नाही. शुक्रवारी अंघोळी आटोपल्या की नात टाकीचे बटण बंद करते, ते तिचे काम. शनिवारी हवदाला झाली की तीच लावते. ३००० वॉटची टाकी आहे, बावीस-तेवीस मिनिटांत पाणी तयार होते.